पुस्तकात नसलेली रात्र

मला वाचनाच्या उपक्रमांचा मनस्वी कंटाळा आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी एका उपक्रमाबद्दल बरं बोलणार आहे आणि ते तोंडदेखलं नाही हे वाचणाऱ्याला कळायला हवं. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवता शिकवता माझे केस पांढरे झाले. वरून आलेला उपक्रम शेवटी फोटोत जाऊन संपतो, हे मी कितीदा पाहिलं त्याची गणती नाही. मुलांना ओळीत बसवायचं, हातात पुस्तकं द्यायची, कुणी उलटं तर धरलं नाही ना ते बघायचं, फोटो काढायचा आणि ग्रुपवर टाकायचा. वरून कुणाचा तरी अंगठा आला की तालुक्यात वाचनसंस्कृती रुजली असं समजायचं.

त्यामुळे पुण्याच्या एका संस्थेची पुस्तकांची पेटी जूनमध्ये आमच्या शाळेत आली, तेव्हा मी तिला खिचडीच्या तांदळाशेजारी जागा दिली. निळ्या पत्र्याची पेटी, वर फुलपाखरं रंगवलेली. सोबत सूचनांचा कागद होता. शनिवारी पुस्तक न्यायचं, पुढच्या शनिवारी परत आणायचं, पान दुमडायचं नाही, पुस्तकावर काही लिहायचं, रंगवायचं नाही. मी म्हटलं, राहू दे तिथंच. पाऊस सरला की बघू.

ती पेटी उघडायला लावली चौथीतल्या एका मुलीनं. ती रोज मधल्या सुट्टीत पेटीवर जाऊन बसायची. काही मागायची नाही, नुसती बसायची, आणि मी समोरून गेले की थोडी सरकून पेटीचं कुलूप मला दिसेल अशी जागा करून द्यायची. हे आठवडाभर चाललं. शेवटी मलाच माझी लाज वाटायला लागली आणि मी किल्ली काढली.

मुलगी कालव्यापलीकडच्या धनगरवस्तीवरची. आमचं गाव आंबेगाव आणि जुन्नरच्या शिवेवर, टोमॅटो, कांदा आणि उसाचं. वस्तीवरची बहुतेक घरं आता शेतीला लागली आहेत. हिचे वडील आणि चुलता मात्र अजून मेंढरं राखतात. दिवाळीचा पाडवा झाला की घोड्यांवर बिऱ्हाड लादायचं, माळशेजचा घाट उतरून कोकणात जायचं आणि पावसाच्या तोंडाला परत यायचं. घरी मागं तिला सांभाळायला कुणी नाही, म्हणून मुलगीही जाते. अर्धं वर्ष आमच्या हजेरीत, अर्धं वर्ष मेंढरांत. अशी मुलं जूनमध्ये परत येतात तेव्हा बाराखडीपासून सुरुवात करावी लागते, असा माझा सगळ्या नोकरीचा अनुभव. ही परत आली ती घडाघडा वाचत आली. कशी, असं विचारलं तर म्हणाली, रस्त्यानं पाट्या असतात, गाड्यांच्या मागं लिहिलेलं असतं, भजी बांधून येतात तो पेपर असतो.

पुस्तकं हातात आल्यावर ती सुटलीच. मी आयुष्यात बरीच वाचणारी मुलं पाहिली. काही शाबासकीसाठी वाचतात, काही आई पाठीमागं लागते म्हणून. ही मुलगी भुकेलं माणूस जेवतं तशी वाचायची. बसून, उभ्यानं, चालताना, हापशावर कळशी भरेपर्यंत. शनिवारची वाट बघणं तिला जमेना, म्हणून सूचनांचा कागद मी गुंडाळून ठेवला. तिला हवं तेव्हा हवं ते नेऊ दिलं. आमचे दुसरे गुरुजी म्हणाले, नियमाचं काय? मी म्हटलं, नियम वाचून दाखवा तिला, तोही आवडेल.

तिची सगळ्यात न्यारी गोष्ट अशी की तिला गोष्टीइतकंच गोष्ट सांगणाऱ्या माणसाचं वेड होतं. पुस्तक हातात घेतलं की आधी ती मागचं पान उलटायची. तिथं लेखकाचा फोटो आणि चार ओळी माहिती असते, ती वाचायची. मग मला विचारायची. ही बाई कुठं राहते? हिला पोरंबाळं किती? हे म्हातारे बाबा रोज लिहितात की कधीमधी? हिच्याकडं जनावरं आहेत का? मी म्हणायचे, मला काय माहीत, मी काय त्यांच्या शेजारी राहते? त्यावर ती माझ्याकडं अशी बघायची की एवढी शिकलेली बाई आणि एवढं साधं विचारून घेतलं नाही.

एकदा मी गंमत म्हणून एका पुस्तकाचं मुखपृष्ठ वर्तमानपत्राखाली झाकलं आणि मधलंच एक पान वाचून दाखवलं. ते पुस्तक तिनं अजून नेलेलं नव्हतं. दोन-चार वाक्यं झाली आणि ती म्हणाली, ही त्या फोटोतल्या चष्मेवाल्या बाईची गोष्ट. बरोबर होतं. मी दुसरं घेतलं, तेही बरोबर. तिसऱ्याला ती चुकली, पण म्हणाली, मग हा माणूस तिचं वाचत असणार. मला हसू आलं. कसं ओळखलंस विचारलं तर तिनं कोकरांचं सांगितलं. संध्याकाळी मेंढरं चरून परत आली की दिवसभर टोपल्यांखाली डाललेली कोकरं सोडतात. सगळा गलका होतो. बहुतेक कोकरं आपापल्या आईला बरोबर लुचतात, पण काही चुकतात. त्यांना उचलून ज्याच्या त्याच्या आईला लावायचं काम हिचं. कोकरू कुणाचं ते तोंडावरून आणि ओरडण्यावरून कळतं, तसंच हे, असं तिचं म्हणणं. मी मराठी विषय घेऊन बी.ए. झाले आहे. लेखकाची शैली म्हणजे काय हे मला इतक्या थोडक्यात कुणी सांगितलं नव्हतं.

तिच्या तक्रारीही असायच्या. पुस्तकांतल्या चित्रांत मेंढ्या पांढऱ्या, कापसाच्या गोळ्यासारख्या. ती म्हणायची, ही आपली मेंढरं नव्हंत, आपली काळी, लांब कानाची, कष्टाची. पण चित्रं दुसऱ्याच कुणी काढलीत, त्यात बाईंचा दोष नाही, असं म्हणून लेखिकेला ती माफ करून टाकायची.

त्या चष्मेवाल्या बाईंचं एक लहानसं पुस्तक पेटीत होतं. बाजारच्या दिवशी एका मुलाचं करडू गर्दीत हरवतं. तो संध्याकाळपर्यंत शोधतो, रडत घरी येतो. मग पान उलटलं की सकाळ होते आणि दारात करडू उभं. आनंदीआनंद. हे पुस्तक तिनं नेलं, आणलं, परत नेलं. इतर पुस्तकं ती एकदा वाचून दुसरीकडं वळायची, हे मात्र सुटेना. एक दिवस ती माझ्या टेबलापाशी आली, ते पान उघडून धरलं आणि विचारलं, बाई, रातच्याला करडू कुठं निजलं व्हतं?

मी म्हटलं, गोष्टच आहे ती, निजलं असेल कुठंतरी.

ती म्हणाली, "कुठंतरी म्हंजी कुठं? बिबट्या असतोय ना."

आमच्याकडं हा प्रश्न साधा नाही. उसात बिबट्या आहे, तो सगळ्यांना माहीत आहे. अंधार पडला की माणसं हातात काठी आणि मोबाईलवर मोठ्यानं गाणी लावून जातात, वनखात्याचा पिंजरा कुणाच्या ना कुणाच्या बांधावर असतोच. रात्रभर बाहेर राहिलेलं करडू सकाळी दारात येऊन उभं राहतं हे इथल्या कुठल्याही पोराला पटणार नाही. पण हिच्या विचारण्यात नुसती शंका नव्हती. हळूहळू विचारत गेले तेव्हा सगळं बाहेर आलं. गेल्या वर्षी परतीच्या वाटेवर, घाट चढून आल्यावर, हिचं एक कोकरू गेलं होतं. आईला दूध नव्हतं म्हणून हिनं त्याला बाटलीनं वाढवलेलं. संध्याकाळी कोकरं सोडली तेव्हा त्यांत ते नव्हतं. हिला शोधायला जायचं होतं, वडिलांनी जाऊ दिलं नाही. सकाळी ते मिळालं नाही. वडील म्हणाले, बिबट्यानं नेलं, विषय संपला, आणि बिऱ्हाड पुढं निघालं.

आणि आता ह्या पुस्तकात लिहिलं होतं की हरवलेलं करडू सकाळी परत आलं. म्हणजे रात्री निजायला जागा असते. ती जागा कुठली, एवढंच तिला हवं होतं. बाईंनी लिहिलंय म्हणजे बाईंना ठाऊक असणार, असा तिचा सरळ हिशेब.  मी म्हटलं, हे मला नाही सांगता यायचं पोरी, ज्यांनी लिहिलं त्यांनाच विचारायला हवं.

बोलून गेले खरी. आणि त्याच महिन्यात संस्थेचा निरोप आला की दिवाळीच्या सुट्टीत जुन्नरला बालवाचकांचा मेळावा आहे, पेटी गेलेल्या प्रत्येक शाळेतून एक मूल यायचं, त्यानं लेखिकेला एक प्रश्न विचारायचा. लेखिका म्हणजे ह्याच बाई. मी निरोप वर्गात वाचला. तिनं हात वर केला नाही, फक्त उठून उभी राहिली आणि उभीच राहिली. कोण जाणार हे ठरवायला मला दुसरं काही करावं लागलं नाही.

अडचण वाराची होती. मेळावा पाडव्यानंतरच्या बुधवारी, आणि पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मेंढरं निघणार. ते कुणासाठी थांबत नाहीत. खाली कोकणात भात कापून झालेला असतो, तिथले शेतकरी खतासाठी शेतात मेंढरं बसवायला वाट बघत असतात, उशीर झाला की जागा दुसऱ्याला जाते. मी तिला म्हटलं, वडिलांना शाळेत पाठव, मी बोलते. ती म्हणाली, दादा शाळेत येत न्हाईत. हे मलाही माहीत होतं. एवढ्या वर्षांत तो माणूस शाळेच्या फाटकाच्या आत आलेला नव्हता.

तो आला, पण वेगळ्याच कारणानं. सहामाही परीक्षा संपली तेव्हा मी तिला पेटीतली पुस्तकं गठ्ठ्यानं नेऊ दिली होती, निघायच्या आधी वाचून होतील म्हणून. सुट्टी लागायच्या दोन दिवस आधी तिनं गठ्ठा परत आणला. नीट, एका स्वच्छ फडक्यात बांधून. फडकं सोडलं तर प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर बोटभर रुंद गुलाबी रंगाचा पट्टा. झगझगीत गुलाबी. पुसून जाणारा नाही, चांगला मुरलेला. काही पुस्तकांचं नावच त्याखाली गेलं होतं. माझं डोकं फिरलं. मी तिला सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. ती मान खाली घालून ऐकत राहिली, पण तिच्या चेहऱ्यावर आपण काही वाईट केलं असं अजिबात नव्हतं, आणि त्यानं माझा पारा आणखी चढला.

नेमके त्याच दुपारी संस्थेचे साहेब पेटी बघायला आले. तरुण, सभ्य, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी मऊ. गुलाबी पुस्तकं बघून ते आणखी मऊ बोलायला लागले, आणि त्या मऊपणातच त्यांनी सांगून टाकलं की मेळाव्याला ही विद्यार्थिनी नको. पुस्तकं जपणं हा उपक्रमाचा पाया आहे. शिवाय ती तर स्थलांतरित, म्हणजे पुढं वर्गात नसणार. एखादं नियमित मूल पाठवा, ज्याची प्रश्नाची तयारी करून घेता येईल. सकाळी मीच त्या मुलीवर ओरडले होते. पण दुसऱ्या कुणी तिला नको म्हटलेलं मला खपेना. मी त्यांना म्हटलं, तयारी केलेला प्रश्न हवा असेल तर मलाच बोलवा, मी पाठ करून येते. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद करते आहे. निर्णय उद्या कळवतो म्हणून ते मुक्कामाला मंचरला गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पेटीतली पुस्तकं मोजत बसले होते आणि दारात मुलीचे वडील उभे राहिले. डोक्याला लाल पटका, काठी बाहेर भिंतीला टेकवलेली, वहाणा पायरीखाली काढलेल्या. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच. मुलीनं घरी सांगितलं होतं की बाई चिडल्या. तो माझ्याकडं न बघता पेटीकडं बघत बोलला.

"बाई, रंग पोरीनं लावला, पर डबा म्याच दिला तिला. आमच्यात मेंढरांची कातरणी झाली का पाठीवर रंग मारत्यात. पाडव्याला समदी वाडं एकाजागी येत्यात, मेंढरू ह्याचं त्याच्यात जातं. रंग आसला म्हंजी कुणीबी वळखतं अन् आणून देतं. ज्याला रंग न्हाई त्ये गेलं का गेलं. गेल्या साली तिचं कोकरू गेलं, त्येला रंग न्हवता, लहान व्हतं. म्हणून ह्येनला लावला. म्हनली, दादा, ही बाईंची हायेत, हरवली तर कुणी आणून द्यायचं कसं?"

 मग म्हणाला की रंग निघणारा नाही, पुस्तकांचं जे काय होईल ते भरून द्यायला तो तयार आहे.

वाडा म्हणजे मेंढरांचा तळ, हे साहेबांना मी समजावून सांगितलं. बाकीचं त्यांना समजलं होतं. त्यांनी एक पुस्तक उचललं, त्या पट्ट्यावरून बोट फिरवलं. त्यांच्या संस्थेच्या पुस्तकांना ओळखीची खूण म्हणून आत फक्त एक फिकट शिक्का होता, जो पुस्तक उघडल्याशिवाय दिसायचा नाही. भरून बिरून काही द्यायचं नाही, असं ते घाईघाईनं म्हणाले, आणि मेळाव्याला हीच मुलगी येऊ दे असंही. मला त्यांचं कौतुक वाटायला लागलं होतं, तेवढ्यात त्यांनी मोबाईल काढला आणि वडिलांना पुस्तक हातात धरून उभं राहायला सांगितलं. वडिलांनी पुस्तक घेतलं नाही. हात मातीचे आहेत म्हणाले.

वार आणि तारखेचं मी तेव्हाच बोलून घेतलं. बुधवारी, जुन्नरला, दिवसभर. तो म्हणाला, आमी सोमवारीच हालतो. मी म्हटलं, मुलीला दोन दिवस माझ्याकडं ठेवा, मी नंतर पोचवते.  मुलगी दाराआडून ऐकत होती, तीच म्हणाली, मी ऱ्हानार न्हाई, कोकरं कोण बघंल? मला तिचा राग आला आणि अभिमानही वाटला. वडिलांनी काठी उचलली, बघू म्हणाले आणि गेले. धनगराचं बघू म्हणजे काय असतं ते मला अजून कळलेलं नाही. त्याच्यातून हो निघतं तसं नाहीही निघतं.

सोमवारी मेंढरं गेली. मी घरी होते, मला लांबून घोड्यांच्या घंटा ऐकू आल्या. मंगळवारी दिवसभर मुलीच्या वडिलांचा फोन लागला नाही. बुधवारी सकाळी मी एकटीच एसटीत बसले. एसटी जुन्नरच्या दिशेनं निघाली तेव्हा मी मनाशी ठरवून टाकलं होतं की मुलगी आली नाही तर तिचा प्रश्न मीच विचारायचा, भले सगळे हसोत. मला वेडगळ वाटत होतं आणि फार वाईटही वाटत होतं. तिनं ज्या बाईंवर एवढा जीव लावला, त्यांचं तोंड मी बघणार आणि तिला मात्र ते बघायला मिळणार नव्हतं.

मेळावा होता त्या पेठेतल्या शाळेच्या फाटकात ती उभी होती. दिवाळीचा नवा फ्रॉक, तेल लावून घट्ट वेणी, आणि शेजारी वडील. रात्रीचा मुक्काम त्यांनी जुन्नरच्या अलीकडच्या एका शेतात टाकला होता. वाटेत दुसऱ्या गावचा एक बागायतदार जास्त धान्य देऊन चार दिवस मेंढरं बसवायला मागत होता. ते सोडून त्यांनी जुन्नरजवळच्या लहान वावराला होकार दिला. हे मला मुलीनं सांगितलं. त्यांनी स्वतः फक्त एवढंच म्हटलं की वाटंवरच हाय.

मेळावा मेळाव्यासारखाच होता. फुगे, फलक, दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा परिचय, परिचय करून देणाऱ्याचा परिचय. लेखिका फोटोतल्यापेक्षा वयानं बऱ्याच मोठ्या, सुती साडी, चष्मा तोच. त्या चांगलं बोलल्या आणि थोडंच बोलल्या. मग मुलांचे प्रश्न. आपणांस लेखनाची प्रेरणा कोठून मिळाली? वाचनाचे फायदे कोणते? आपला आवडता छंद कोणता? प्रत्येक प्रश्नामागं एकेक गुरुजी ओठ हलवत बसलेले. बाई बिचाऱ्या प्रत्येकाला मनापासून उत्तर देत होत्या.

आमच्या शाळेचं नाव पुकारलं. माइक तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच ती बोलली. मेंढरांना हाक द्यायचा आवाज, सभागृहाच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला.

"रातच्याला करडू कुठं निजलं व्हतं?"

कुणी हसलं. लेखिका हसल्या नाहीत. त्यांनी कुठलं करडू ते विचारून घेतलं, समोरच्या टेबलावरून पुस्तक उचललं, पान उलटलं, परत मागं उलटलं. मग म्हणाल्या की ह्यात रात्र नाहीच. संध्याकाळनंतर एकदम सकाळ आहे. मला माहीत नाही गं, ते कुठं झोपलं.

  ती मुलगी केवढी आस लावून आली होती. मग ती म्हणाली, "म्हंजी तुमी पण शोधलं न्हाई."

 साहेब अर्धवट उठले, मी त्यांना शर्ट धरून खाली बसवलं. लेखिकेनं चष्मा काढला. इतक्या वर्षांत हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावर सरळ दिसत होतं. त्यांनी सारवासारव केली नाही, गोष्ट आहे असं म्हटलं नाही, मी म्हटलं होतं तसं. म्हणाल्या, "नाही शोधलं. सकाळी ते येणार हे मी आधीच ठरवून टाकलं होतं. तू शोधलं असतंस?"

"मी जानार व्हते. दादांनी जाऊ दिलं न्हाई."

बाईंना त्यातलं किती कळलं कोण जाणे. पण त्या व्यासपीठावरून उतरल्या, मुलांच्या ओळीत येऊन खाली सतरंजीवर तिच्यासमोर बसल्या आणि म्हणाल्या, "मग आता आपण दोघी शोधू. कुठून सुरुवात करायची?"

तिथून पुढं त्या मुलीनं जे केलं ते मी माझ्या नोकरीत दुसऱ्यांदा पाहिलेलं नाही. तिनं शोधायला सुरुवात केली. आधी ओढ्याकडं बघू म्हणाली, मग स्वतःच नको म्हणाली, करडू अंधारात पाण्याकडं जात नाही. करवंदीच्या जाळीत बघितलं, तिथं नव्हतं. उसाकडं ते जाणार नाही, उसातला वास त्याला कळतो. बाजारातली गर्दी पांगली, दिवे गेले, आता ते ओरडायचंही बंद होतं, कारण भ्यालेलं करडू ओरडत नाही, आपण त्याच्या अंगावर पाय देऊ इतकं गप्प बसतं. सगळी मुलं तिच्याबरोबर निघाली होती. मधूनच कुणी सुचवायचं, मंदिरात बघ, ट्रॅक्टरखाली बघ, आणि ती तिथं जाऊन बघून यायची. बाई मध्ये एक शब्द बोलल्या नाहीत. मग तिला लांबून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं, घोड्याची घंटा ऐकू आली. कुणाचा तरी वाडा उतरला होता. दुधाचा वास आला. करडू त्या वासानं गेलं, वाड्याभोवतीच्या जाळ्याखालून आत शिरलं आणि दुसऱ्यांच्या मेंढरांत, एका परक्या मेंढीच्या पोटाशी निजलं.

"सकाळी त्या लोकांनी बघितलं, आपलं न्हाई. बाजारात इचारलं, अन् त्या पोराच्या दारात आनून सोडलं. सोताहून न्हाई आलं त्ये." मग ती एकदम हळू म्हणाली, "माझं आजून कुनी आनलं न्हाई. पर ते बी तसंच निजलं आसंल."

लेखिकेनं तिचे दोन्ही हात हातात घेतले. म्हणाल्या, हे असंच झालं असणार, आणि हे मला लिहिता आलं नसतं. टाळ्या नंतर पडल्या, बऱ्याच उशिरानं, आणि फोटो काढायचं साहेबांच्या लक्षातच राहिलं नाही. मला बाईंचा फार आदर वाटला. स्वतःच्या छापलेल्या पुस्तकातली उणीव एका पोरीसमोर सतरंजीवर बसून कबूल करणं सोपं नाही. आणि त्या मुलीबद्दल काय वाटलं ते मला अजून नीट सांगता येत नाही. आम्ही मुलांना पुस्तकं वाचायला शिकवतो. ही पोरगी पुस्तकात शिरून, जे लिहिणाऱ्याकडून राहिलं होतं ते शोधून बाहेर आली होती.

मी मागं वळून बघितलं. तिचे वडील सभागृहाच्या दारात उभे होते, अर्धे आत, अर्धे बाहेर. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

मेळावा संपल्यावर आम्ही बाहेर आलो. बाईंनी तिला आपली दोन नवी पुस्तकं दिली होती, ती छातीशी धरून ती चालत होती, आणि पहिल्याचं मागचं पान वाचून झालेलं होतं. बापलेकीला पुढं मुक्कामाला जायचं होतं, चुलता एकटाच मेंढरांपाशी होता. ह्या बापानं वर्षभर आपल्या लेकीला एकच सांगितलं होतं, की बिबट्यानं नेलं. ते बहुधा खरंही असेल. त्याच्याइतकं ते कुणाला कळणार? फाटकापाशी तो थांबला, पटका सारखा केला, आणि तिच्याकडं न बघता, रस्त्याकडं बघत म्हणाला,

"तसंबी झालं आसंल. घाटाखाली समदी वाडं उतरत्यात. इचारीत जाऊ."

 तिनं पुस्तकं एका हातात घेतली, दुसऱ्या हातानं त्याचं बोट धरलं, आणि दोघं माळशेजच्या रस्त्याला लागले.